राहुरीहून लावलेला फोन

"सुबोध, तू थांबलास का तुझं ते डबडं थांबलं?" कुलथेसरांनी माईकवरूनच विचारलं.

डबडं थांबलं होतं. मी गिटारच्या तारांवर हात मारत होतो आणि स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरच्या इवल्याशा पडद्यावर तांबडी पट्टी लुकलुकत होती : प्रोसेसर ओव्हरलोड.

राहुरीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन होता. रविवार, दुपारचे सव्वादोन. मंगल कार्यालयात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. कार्यक्रम चारला असला तरी दोन आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसलेही होते आणि आमच्याकडे टक लावून बघत होते. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण त्यातल्या एका आजोबांच्या स्वेटरला वरचं बटण नव्हतं हेसुद्धा मला आठवतं. संकटात माणूस नको तिकडे बघत राहतो.

"दोन मिनिटं सर," मी म्हणालो आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

आवाज आला. अर्धा अंतरा वाजवला. पुन्हा तांबडी पट्टी, पुन्हा शांतता.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गिटारवाल्याच्या पायाशी लोखंडी पाटीसारखं असतं ते. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं स्पीकरकडे निघते. मधे आवाजाचं हवं ते करता येतं. आत ओळीनं खण असतात असं समजा. एका खणात आवाज घुमवायचं काम, दुसऱ्यात प्रतिध्वनी, तिसऱ्यात आवाज फाटका करायचं. आवाज एका खणातून दुसऱ्यात असा पुढे सरकत जातो. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. पगारातून सहा महिने बाजूला टाकून मी ते घेतलं होतं आणि मुलासारखं जपत होतो.

आमचा ऑर्केस्ट्रा नगरचा. नाव 'सूरगंध'. चांगल्या दिवसांत आम्ही नऊ जण टेम्पोनं जायचो. ट्रंपेट होता, अ‍ॅकॉर्डियन होतं, ढोलकी होती. मग कुलथेसरांनी टेम्पो बंद केला आणि स्वतःची गाडी घेतली. तेव्हापासून गाडीत मावतील तेवढीच माणसं, असा नियम झाला. एकेक जण गळत गेला. त्या दिवशी राहुरीला आम्ही चौघं होतो. कुलथेसर आणि कुंदाताई पटारे गाणारे, गोरख ऑक्टापॅडवर आणि मी. मागच्याच महिन्यात कीबोर्डवाले उस्मानभाई गळाले होते. त्याच्याआधी सहा महिने बेस गिटारवाला फिलिप.

पण गाण्यांना ते सगळं लागायचंच. ते आता माझ्या पायाशी होतं.

मी अ‍ॅडॉप्टर बदलून पाहिला. वायर बदलली. गोरख म्हणाला, "व्होल्टेज कमी असंल," म्हणून मंडपवाल्याचा दुसरा बोर्ड मागवला. मग मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय, यंत्र तापलं असेल. ते उचलून पडद्याआड सावलीत नेलं आणि कुंदाताईंचा कार्यक्रमपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलो. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढून यंत्रावरची धूळ पुसली.

"ताप आलाय का त्याला?" कुलथेसर म्हणाले. "एक चापट मार. आमचा रेडिओ असाच चालायचा."

"सर, प्लीज."

"चारला पाहुणे येणार आहेत, सुबोध. मी संघाच्या अध्यक्षांना फुल ऑर्केस्ट्रा म्हणून सांगितलंय."

पुस्तिका मी बरोबर नेलेली होती. इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. 'ओव्हरलोड' शब्दापुढे एकच ओळ होती. तिचा अर्थ असा, की फार काही चालू केलं आहे, काही कमी करा. काय कमी करा ते लिहिलेलं नव्हतं. मी एक खण बंद केला. पट्टी तशीच. दुसरा बंद केला. तशीच.

पावणेतीन झाले. कुंदाताई माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "फिलिपला विचार ना. हे त्यालाच कळायचं."

कुलथेसरांनी ऐकलं होतं. ते गोरखकडे वळून उगाच ऑक्टापॅडचा स्टँड हलवून बघायला लागले.

फिलिप भिंगारदिवे एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल जोडायचं काम करायचा. मी ते मशीन आणलं तेव्हा खोक्यातून काढून पहिलं चालू केलं होतं त्यानंच. कारखान्यातून आल्यावर माझ्याकडे यायचा, पुस्तिका मांडीवर घ्यायचा आणि शब्दकोश बघून बघून एकेक पान लावायचा. मला फक्त वाजवता येत होतं. यंत्र त्यानं समजावून घेतलं आणि मग मला समजावलं. आम्ही एकाच मंडळीतले. लहानपणी संडे स्कूलला एका बाकावर बसलेलो. पण सात महिन्यांत आमचं बोलणं नव्हतं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर "सलाम", "सलाम" व्हायचा आणि तो आपल्या मोटारसायकलकडे जायचा, मी माझ्या सायकलकडे. भांडण झालेलं नव्हतं. कुलथेसरांनी त्याला 'सध्या गाडीत जागा नाही' असं कळवलं, इतकंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर आलो. तिथे आचारी परात घासत होता. थोडं लांब जाऊन फोन लावला. त्यानं उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होत होती.

"सलाम फिलिप. सुबोध बोलतोय."

"हं. बोल."

"राहुरीला आलोय. मशीन अडकलंय. प्रोसेसर ओव्हरलोड म्हणतंय."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, आता बरी आठवण झाली. तसं काही म्हणाला नाही.

"आवाज पूर्ण जातो का अधूनमधून?"

"पूर्ण. बंद करून चालू केलं की थोडा वेळ येतो."

"वीज बघितलीस?"

"सगळं बघितलं. वाराही घातला."

"वारा?" तो किंचित हसल्यासारखा झाला. "वाऱ्यानं काय होतंय. ते तापलेलं नाही. त्याला एका वेळी जेवढा हिशेब झेपतो त्यापेक्षा जास्त काम लावलंय तू. मशीन पुढ्यात घे."

मी आत जाऊन यंत्र उचललं, पडद्यामागच्या खोलीत नेलं, वायरी ओढून आणल्या आणि जमिनीवर मांडी घातली. फोन कान आणि खांद्याच्या मधे.

"बाहेर किती वायरी काढल्यात?"

"दोन. इथं दोन्ही बाजूंना स्पीकर आहेत."

"घरी एकच असते ना? म्हणून घरी चाललं. दोन काढल्या की त्याला एकेक काम दोनदा करावं लागतं. एक काढून टाक."

काढली. वाजवून पाहिलं. पहिलं गाणं निघालं. दुसऱ्या गाण्याच्या सेटिंगवर पाय दिला आणि पट्टी पुन्हा लुकलुकली.

"अजून आहे."

"आवाज घुमवायला कुठलं घेतलंय?"

"मोठ्या हॉलचं."

"तुम्ही आधीच हॉलमध्ये बसलाय की. छोट्या खोलीचं घे. ते कमी खातं."

तेही केलं. पट्टी गेली नाही.

"मी काही काही बंदही करून बघितलं," मी म्हणालो. "फरक पडत नाही."

"बंद करून फरक पडणार नाही. बंद केलं तरी ते आत जागा धरून बसलेलं असतं, तुला नुसतं ऐकू येत नाही. काढूनच टाकावं लागतं." मग तो म्हणाला, "ओळीनं वाच. पहिल्या खणापासून. काय काय लावलंयस?"

मी वाचायला लागलो. पहिला खण आवाज सपाट करणारा. दुसरा फाटक्या आवाजाचा. तिसरा कोरस, एका सुराचे अनेक केल्यासारखं वाटायला लावणारा. चौथ्यात मी आठवड्यापूर्वी व्हायोलिनसारखा लांबट आवाज बसवला होता.

"तो कशाला?"

"उस्मानभाई नाहीत आता."

"उस्मानभाई पण नाहीत?"

"मागच्या महिन्यापासून."

मी पाचव्या खणावर आलो. पडद्यावर शब्द स्वच्छ दिसत होता आणि मी तो वाचत नव्हतो.

"पाचवा?" फिलिप म्हणाला.

"ऑक्टेव्ह."

गिटारचा सूर एक सप्तक खाली नेणारा इफेक्ट. सूर खाली गेला की तो बेस गिटारसारखा लागतो. अगदी तसा नाही, पण मंगल कार्यालयात चालून जातो. हे मला दाखवलंही होतं फिलिपनंच, माझ्या घरी, एका संध्याकाळी. बटण दाबून तो म्हणाला होता, "ऐक सुब्या, आता मी नसलो तरी आहे," आणि आम्ही दोघं हसून हसून लोळलो होतो.

"सरांनी सांगितलं," मी घाईनं म्हणालो. "गाडीत जागा नव्हती, तर सर म्हणाले की बघ काही होतंय का—"

"सुबोध."

"हं."

"सप्तक खाली जातं हे कुलथेसरांना कोणी सांगितलं?"

मागची कुकरची शिट्टी थांबली होती. मंचावर गोरख एकाच पॅडवर टक टक वाजवून बघत होता. मी त्या खोलीत बसलेलो होतो, भोवती कुठल्यातरी लग्नाच्या उरलेल्या पत्रावळींचे गठ्ठे होते आणि मला खोटं सुचेना.

सरांना मीच दाखवलं होतं. त्यांनी विचारलेलंही नव्हतं. गाडीत पाचच माणसं मावणार हे कळल्यावर एका रविवारी दुपारी मी यंत्र पाठीला लावून त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या बैठकीत मांडलं आणि म्हणालो, "सर, ऐका." फिलिप की मी, असा प्रश्न अजून कोणी काढलाही नव्हता. प्रश्न निघायच्या आत मी उत्तर देऊन आलो. सर खूश झाले. त्यांच्या पत्नीनं मला पोहे दिले. मी ते खाल्ले.

"मी," मी म्हणालो.

"मला माहीत होतं," फिलिप म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सरांना माईकचं बटण सापडत नाही. त्यांना कुठलं हे सुचायला."

"फिलिप, मी तुला सांगणार होतो—"

"वेळ किती राहिलाय?"

"चारला सुरू आहे."

"आता तीनला पाच कमी आहेत. मग ऐक. व्हायोलिनचा आणि ऑक्टेव्हचा, दोन्ही एका वेळी त्याला झेपत नाहीयेत. एक काढावा लागेल."

"कुठला?"

"कुंदाताईंची गाणी आहेत ना? त्यांना मागे लांबट काहीतरी लागतं, नाहीतर त्या दमतात. तो राहू दे. ऑक्टेव्ह काढ. सगळ्यात जास्त तोच खातो. प्रत्येक सूर पकडून, मोजून, खाली न्यायचा, सोपं काम नाही ते."

"मग बेस?"

"मग बेस नाही."

मी पाचव्या खणावर गेलो. 'काढून टाकायचं का?' असं यंत्रानं विचारलं. मी 'हो' दाबलं. खण रिकामा झाला. पट्टी गेली. वाजवून पाहिलं, गाण्यामागून गाणं, सगळी सेटिंग्ज. कुठे अडलं नाही.

"गेली," मी म्हणालो.

"सेव्ह कर. नाहीतर बंद केल्यावर जाईल."

"केलं."

"हं."

यानंतर त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्याच्याकडे भांड्यांचा आवाज होत होता, मग तोही लांब गेला. तो बहुधा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आला असावा.

"बिनबेसचं कसं करणार?" त्यानं विचारलं.

"बघू. निभावून नेऊ."

"राहुरीतच ना? स्टँडजवळ?"

"हो. स्टँडच्या मागचं कार्यालय."

"विळद घाटात गर्दी होती का येताना?"

"नव्हती. रविवार आहे."

मला वाटलं, त्याला अजून काही ऐकायचं असेल, माफीबिफी. ते शब्द माझ्या तोंडाशी येत होते. पण पडद्याआडून कुलथेसरांनी हाक मारली, "झालं का रे?" आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं.

"आणखी काही?" फिलिप म्हणाला.

"नाही. थँक्यू रे. वाचवलंस."

"बरं. ठेवतो."

कार्यक्रम झाला. चारला दहा मिनिटं असताना हॉल भरला, अध्यक्षांचं भाषण झालं, नारळ फुटला आणि आम्ही दोन तास वाजवलं. मला प्रत्येक गाण्यात खालची जमीन नसल्यासारखं वाटत होतं. गोरखचा ठेका आणि वर माझी गिटार, मधे पोकळी. मी दर ओळीला वाट बघत होतो, की आता कोणीतरी मागे वळून शेजारच्याला म्हणेल, काहीतरी कमी आहे. कोणी म्हणालं नाही. आजोबा मांडीवर ताल धरत होते. एक आजी पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. दोन गाणी वन्समोर झाली.

परतताना गाडीत कुलथेसर मजेत होते. विळद घाट चढताना ते म्हणाले, "बघ सुबोध, कोणाला कळलं तरी का? आपण उगाच जीव काढतो."

पुढची सीट कुंदाताईंची. त्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला कळलं."

सरांनी रेडिओ लावला.

सरांना मात्र त्या दिवशी जे कळलं ते पक्कं कळलं. वर्ष सरायच्या आत त्यांनी तयार ट्रॅक आणले, सगळी वाद्यं आधीच भरून ठेवलेले. एका पेन ड्राइव्हमध्ये पाचशे गाणी. मला त्यांनी फोनही केला नाही. गोरखकडून निरोप आला. मी यंत्र गुंडाळून कपाटावर ठेवलं. कधी कधी सुट्टीत काढून वाजवतो. एकट्याला हेडफोन पुरतो, शेजाऱ्यांना त्रास नाही.

फिलिपनं पुढच्या रविवारी पायऱ्यांवर "सलाम" म्हटलं आणि विचारलं, "झालं का नीट?"

"झालं."

"छान."

त्यानंतर अकरा वर्षं तितकंच. माझ्या आईच्या मयतीला तो आला, खांदा दिला, शेवटपर्यंत थांबला. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आलो. पण तो माझ्या घरी आला नाही आणि मी त्याच्या घरी गेलो नाही.

गेल्या डिसेंबरात जावं लागलं. मंडळीच्या नाताळच्या वर्गणीची पावती द्यायची होती आणि पाळकसाहेबांनी भिंगारचा भाग माझ्याकडे दिला होता. फिलिप बाजारात गेला होता. मार्थावहिनींनी दारात खुर्ची दिली. इकडचं तिकडचं बोलताना मी सहज म्हणालो, "आता कुठे वाजवतो का फिलिप?"

"छे. ते कधीच सोडलं," त्या म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, "तुमचा फोन आला होता ना एकदा, राहुरीहून? माझी मसूर करपली होती त्या दिवशी, म्हणून लक्षात आहे."

"आला होता."

"फोन चालू होता तेव्हाच एका हातानं बेस काढला होता त्यांनी माळ्यावरून. मला खुणेनं विचारलं, इस्त्रीचा शर्ट कुठंय. मी म्हटलं, अहो जेवण तर करा. तर फोनवर हात धरून म्हणे, वेळ नाही, तासाभरात राहुरी गाठायची." त्या हसल्या. "फोन ठेवल्यावर गाडीला बेस बांधून या इथं पायरीवर बसले. म्हणाले, सुबोध परत करेल फोन. मशीनमध्ये गुंतलाय, सुचलं नसेल. साडेतीनपर्यंत बसले होते. मग म्हणाले, आता गेलो तरी उशीर होईल."

माझ्या हातात पावतीपुस्तक होतं. मी ते मिटलं.

"मग तसाच का नाही आला, वहिनी?"

"बोलावल्याशिवाय कसं जायचं?" त्या साधेपणानं म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी चहा घेतला. फिलिप यायच्या आत निघालो. सायकल हातात धरून भिंगारच्या वेशीपर्यंत चालतच आलो, मधे कोणी हाक मारली तरी मला ऐकू आली नसती.

घरी येऊन फोन लावायला मला चार दिवस लागले.

"सलाम फिलिप. सुबोध बोलतोय."

"हं. पावती मिळाली."

"त्यासाठी नाही. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येतोस का? बेस घेऊन."

"कुठे कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम नाही कुठे."

"बेस विकला रे," तो म्हणाला.

"कधी?"

"तेव्हाच. त्याच महिन्यात."

मी कपाटावरच्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणालो, "मग नुसता ये."

"बघतो," तो म्हणाला.

अजून आलेला नाही. रविवारी संध्याकाळी मी कुठे जात नाही.